वार्ताहराच्या पाठीशीं कोण?

(तालुक्याच्या वार्ताहरांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेपुढें दोन विषय ठेवले आहेत. पहिला, वृत्तपत्राच्या धंद्यांत सर्व जातींच्या व धर्मांच्या माणसांस आणि स्त्रियांस जागा मिळाली पाहिजे हा. दुसरा, बातमी लिहिणाऱ्याच्या जिवाचें व अब्रूचें रक्षण झालें पाहिजे हा. कार्यक्रमपत्रिकेंत हे दोन विषय वेगळे छापले आहेत. एकावर सकाळीं बोलावयाचें, दुसऱ्यावर दुपारीं. आमचें म्हणणें असें कीं, हे दोन प्रश्न नव्हेत, एकाच रोगाचीं हीं दोन लक्षणें आहेत. ज्याला घरांत घेतलें नाहीं, त्याच्यावर अंगणांत कुत्रीं धावलीं तर घरवाले उठत नाहींत. आपला वार्ताहर वृत्तपत्राच्या ओसरीवरच उभा आहे, म्हणून त्याच्यावर हात टाकणाऱ्याला धाक वाटत नाहीं. एवढी एकच गोष्ट आज आम्हांस तुमच्या मनावर ठसवावयाची आहे.

आधीं जागेचा हिशेब पाहूं. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढलें. त्यानंतर पंचेचाळीस वर्षें गेलीं, तेव्हां कोठें १ जानेवारी १८७७ रोजीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यांत 'दीनबंधु' सुरू केला. मधल्या काळांत शेतकऱ्याच्या घरीं कांहीं घडतच नव्हतें काय? १८७५ सालीं तर पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कुळांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. घडत सर्व होतें. पण ज्याच्या अंगाला धग लागत होती त्याच्या हातीं लेखणी नव्हती. पुढें १९१० सालीं मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' काढला आणि तरवडीसारख्या खेड्यांतून तो १९६७ पर्यंत चालविला. खेड्यांत छापखाना चालतो आणि कुणब्याचा मुलगा अग्रलेख लिहितो, हें त्यांनीं दाखवून दिलें. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं 'मूकनायक' काढला, तेव्हां जाहिरातीचे पैसे देऊं केले असतांही 'केसरी'नें त्याची जाहिरात छापली नाहीं. पैसे घेऊनसुद्धां ज्याचें नांव छापावयाचें नाहीं, त्याला नोकरी देऊन संपादकाच्या खोलींत बसविणें तर फारच दूर राहिलें!

कोणी म्हणेल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. आतां राज्यघटना आहे. ठीक आहे, आतांचा हिशेब पाहूं. १९९६ सालीं दिल्लींत एका अमेरिकन वार्ताहरानें बी. एन. उनियाल ह्या पत्रकारास विचारलें कीं, एखाद्या दलित पत्रकाराचें नांव सांगा. उनियालांस एकही नांव आठवेना. त्यांनीं सरकारमान्य पत्रकारांची यादी काढली. तींत ६८६ नांवें होतीं. त्यांपैकीं ४५४ जणांच्या आडनांवांवरूनच ते वरच्या जातींचे असल्याचें दिसत होतें. राहिलेल्या २३२ पैकीं ४७ जणांकडे त्यांनीं चौकशी केली. दलित एकही निघाला नाहीं. दहा वर्षांनीं, २००६ सालीं, दिल्लींतील ३७ वृत्तसंस्थांमधील ३१५ वरिष्ठ अधिकाऱ्यांची पाहणी झाली. त्यांत दलित नाहीं, आदिवासी नाहीं. लोकसंख्येंत शेंकडा ८ च्या आसपास असलेल्या उच्चवर्णीय हिंदु पुरुषांकडे ७१ टक्के जागा होत्या. पुन्हां २०१९ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. संपादकीय नेतृत्वाच्या १२१ जागा पाहिल्या. त्यांपैकीं १०६ वर उच्चवर्णीय, आणि अनुसूचित जाति-जमातींचा एकही मनुष्य नाहीं. तेवीस वर्षांत तीनदां मोजलें आणि तीनही वेळां शून्य आलें! ह्याला योगायोग म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणा.

येथें एक ठरलेला आक्षेप येतो. 'जात पाहूं नका, लायकी पाहा.' आम्हांसही लायकीच पाहावयाची आहे. पण बातमीच्या धंद्यांत लायकी म्हणजे काय? भाषा शुद्ध लिहितां येणें ही लायकी खरी. पण जेथें घडलें तेथें जाऊन पोहोंचणें, आणि ज्याच्यावर घडलें तो आपल्यापुढें तोंड उघडील असा विश्वास संपादणें, ही त्याहून मोठी लायकी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजीं भंडारा जिल्ह्यांत खैरलांजीस भोतमांगे कुटुंबांतील चौघांची हत्या झाली. आरंभीं कांहीं बातम्यांनीं त्या हत्याकांडास अनैतिक संबंधाचा रंग दिला. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हां मोठ्या पत्रांस जाग आली. त्या पत्रांच्या कचेऱ्यांत शुद्ध भाषा लिहिणारे कमी होते काय? मुळींच नव्हते. त्या वस्तींत ज्याचा पाहुणा-रावळा आहे, असा मनुष्य मात्र टेबलापाशीं नव्हता. गटारांत उतरलेला कामगार गुदमरून मरतो आणि त्याची बातमी चार ओळींत संपते. ठेकेदार कोण, आणि २०१३ च्या कायद्यानें बंद केलेलें काम त्याच्याकडून कोणीं करविलें, हें विचारावयाचें त्या कचेरींत कोणाला सुचत नाहीं. ज्याच्या घरचा मनुष्य कधीं त्या गटारांत उतरला, त्यालाच तें पहिल्यानें सुचतें.

आतां दुसऱ्या विषयाकडे, जिवाच्या रक्षणाकडे वळूं. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे कोण, हें मुंबई-पुण्याच्या वाचकास ठाऊक नसतें. तुम्हांस तें सांगावयास नको, पण एकदां उघड बोललेलें बरें. त्याला बहुधा नेमणुकीचें पत्र नसतें. मानधन मिळालेंच तर मोटारसायकलीच्या पेट्रोलापुरतें. कचेरीचा फोन त्याला येतो तो बातमीसाठीं कमी आणि जाहिरातीसाठीं अधिक. वर्धापनदिन आला, दिवाळी आली, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला, कीं अमुक रकमेच्या जाहिराती आणा! त्या जाहिरातींवर जें कमिशन सुटतें, त्यावर त्याची चूल पेटते. आणि जाहिरात देणारे कोण? साखर कारखान्याचे अध्यक्ष, वाळूचे ठेकेदार, शाळा-कॉलेजांचे संस्थाचालक, जमिनींचे प्लॉट पाडून विकणारे. बातमी लिहावयाची वेळ येते तीही ह्यांच्याचविरुद्ध! सकाळीं ज्याच्या दारांत जाहिरातीसाठीं उभें राहावयाचें, त्याच्याच वाळूच्या ट्रकांची बातमी संध्याकाळीं पाठवावयाची. वार्ताहरानें ती धीर करून पाठविली, तर ठेकेदार वार्ताहराशीं बोलतच नाहीं. तो सरळ मालकाला फोन करतो. मग कचेरींतून विचारणा येते कीं, तुला एवढी घाई कसली होती?

हें झालें पोटाचें. जिवाचें त्याहून कठीण. शहरांतला संपादक इमारतीच्या दहाव्या मजल्यावर बसतो. खालीं पहारेकरी असतो. वार्ताहर, ज्याच्याविषयीं लिहावयाचें, त्याच्याच गांवांत राहतो. त्याचीं मुलें त्याच माणसाच्या शाळेंत, त्याचा ऊंस त्याच माणसाच्या कारखान्यांत, त्याची मोटारसायकल त्याच माणसाच्या पेट्रोल पंपावर! येथें जातीचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. गांवांत ज्याची भावकी मोठी, त्याला धमकी देण्यापूर्वीं चार वेळां विचार होतो. ज्याचें एकच घर वेशीबाहेर आहे, त्याला धमकीसुद्धां द्यावी लागत नाहीं. त्याच्या बापाला उद्यांपासून कामावर येऊं नको म्हटलें, कीं झालें. म्हणजे ज्या माणसाची बातमीला सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत उघडा. आणि ज्याच्या नांवाला कचेरींत खुर्ची नाहीं, त्याच्याच अंगावर मार.

राजापूरचे शशिकांत वारिशे ह्यांची गोष्ट तुम्हांस आठवत असेल. बारसूच्या रिफायनरीला विरोध करणाऱ्या लोकांची बाजू ते मांडीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशीं त्यांच्या दुचाकीवर मोटार घालण्यांत आली. दुसऱ्या दिवशीं त्यांचा प्राण गेला. ज्याच्याविषयीं बातमी होती, त्याच मनुष्यास पोलिसांनीं खुनाच्या आरोपावरून अटक केली. छत्तीसगडांत विजापूरचे मुकेश चंद्राकर ह्यांचें प्रेत ३ जानेवारी २०२५ रोजीं एका ठेकेदाराच्या आवारांतील शौचालयाच्या टाकींत सांपडलें. त्यांच्या वृत्तानें एका रस्त्याच्या कामांतील घोटाळा बाहेर आला होता. आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजीं बंगळुरूस आपल्या घराच्या दारांत ज्यांस गोळ्या घातल्या, त्या गौरी लंकेश कोण होत्या? स्वतःचें कन्नड साप्ताहिक चालविणारी एक संपादिका. पत्र लहान, पाठबळ लहान, आणि शत्रु मोठे. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें जगांत पत्रकारांच्या शंभर हत्यांपैकीं सुमारें पंचाऐंशींचा न्यायालयांत पूर्ण निकाल लागलेला नाहीं. मारणाऱ्याला हा हिशेब पाठ असतो.

महाराष्ट्रानें ह्यासाठीं कायदा केला आहे. ७ एप्रिल २०१७ रोजीं विधिमंडळानें तो मंजूर केला आणि २०१९ सालीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली. पत्रकारावर हल्ला करणारास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, तपास पोलिस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानें करावयाचा नाहीं, आणि जखमीच्या औषधपाण्याचा खर्च गुन्हेगारानें सोसावयाचा. कायदा चांगला आहे. पण पोलिस ठाण्यांत पहिला प्रश्न येतो तो हा कीं, 'तुम्ही पत्रकार कशावरून?' नेमणुकीचें पत्र नाहीं, पगाराची पावती नाहीं, ओळखपत्राची मुदत संपलेली. फोन केला तर कचेरी म्हणते, 'तो आमचा नोकर नाहीं. कधीं कधीं बातम्या पाठवितो.' झालें! कायद्याची ढाल आहे, पण ती हातांत धरावयाची मूठ मालकानें आपल्या कपाटांत ठेविली आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं, समावेश आणि संरक्षण हे दोन विषय नव्हेत. नेमणुकीचा एक कागद हाच समावेश आणि तोच संरक्षण.

स्त्रियांच्या बाबतींत हें आणखी स्पष्ट दिसतें. वासुदेवराव बिर्जे वारल्यावर तानूबाई बिर्जे ह्यांनीं १९०८ च्या सुमारास 'दीनबंधु'चें संपादन हातीं घेतलें आणि कांहीं वर्षें तें समर्थपणें केलें. ज्या काळीं बाईनें वर्तमानपत्र वाचलें तरी लोक हंसत, त्या काळीं एका बाईनें तें चालविलें! आज किती शाळांतल्या मुलींस त्यांचें नांव ठाऊक आहे? आजची स्त्री वार्ताहर रात्रीं उशिरां एस.टी.च्या स्टँडवर उभी राहते, पुढाऱ्याच्या बंगल्यावर एकटी जाते, आणि बातमी छापून आली कीं तिच्या मोबाइलवर शिव्यांचा पाऊस पडतो. युनेस्कोच्या पाहणींत ७३ टक्के स्त्री पत्रकारांनीं अशा छळाचा अनुभव सांगितला. पुरुषाला शिवी देतात ती त्याच्या लिहिण्यावरून. बाईला देतात ती तिच्या देहावरून आणि जातीवरून. शिवाय सर्व धोका बाहेरचाच असतो असें नाहीं. २०१८ सालीं कित्येक स्त्री पत्रकारांनीं पुढें येऊन सांगितलें कीं, आम्हांस पहिला उपद्रव झाला तो आमच्याच कचेरींत. २०१३ च्या कायद्याप्रमाणें जेथें दहा माणसें काम करितात, तेथें तक्रार समिति असलीच पाहिजे. दहांहून कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करितां येते. कंत्राटी, रोजंदारीची, एवढेंच काय बिनपगारी काम करणारी बाईसुद्धां ह्या कायद्यांत येते. भगिनींनो, हें पाठ करून ठेवा. तुम्हांस हें कोणी आपण होऊन सांगणार नाहीं.

परंतु ज्यांना एकटें गांठतां येतें, त्या एकत्र उभ्या राहिल्या म्हणजे काय होतें, हेंही पाहा. उत्तर प्रदेशांत बुंदेलखंडांतील चित्रकूट येथें २००२ सालीं 'खबर लहरिया' हें पत्र निघालें. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या व विकणाऱ्या सर्व स्त्रिया, त्यांत बहुतेक दलित, आणि भाषा त्यांच्या घरची बुंदेली. २०१५ सालीं एक मनुष्य कित्येक महिने त्यांच्या वार्ताहरांस फोन करून घाणेरडें बोलत असे. पोलिसांकडे खेटे घातले. उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्या सर्वजणींनीं मिळून ती हकीकत जाहीरपणें छापली, तिचा बोभाटा झाला, आणि मग तो मनुष्य पकडला गेला. तक्रार तीच, पोलिस तेच. फरक एवढाच कीं, एकीची तक्रार सर्व पत्राची तक्रार झाली.

हा धडा फार जुना आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील ज्या लोकांस अर्पण केली, त्यांनीं निग्रो लोकांस दास्यांतून मुक्त केलें होतें. पण मुक्ति मिळाल्यावरही त्या लोकांच्या वाट्यास काय आलें, तें तेथील आयडा वेल्स ह्या कृष्णवर्णीय बाईच्या चरित्रांत दिसतें. ती मेम्फिस शहरीं 'फ्री स्पीच' ह्या पत्राची भागीदार व संपादिका होती. १८९२ सालीं तेथें तिघां कृष्णवर्णीय गृहस्थांस जमावानें ठार केलें. त्यांचें किराणा दुकान चांगलें चालत होतें, आणि तें शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलत होतें. वेल्सबाईनें चौकशी करून लिहिलें कीं, अशा झुंडबळींस स्त्रियांच्या अब्रूचें जें कारण देतात तें पुष्कळदां खोटें असतें. त्याच मे महिन्यांत जमावानें तिच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. ती परगांवीं होती म्हणून वांचली. तिची लेखणी मात्र थांबली नाहीं, कारण न्यूयॉर्कच्या 'एज' ह्या कृष्णवर्णीयांच्याच पत्रानें तिला जागा दिली, भागीदारी दिली आणि तिचा मजकूर छापला. तिला कोणी पहारेकरी दिला नव्हता. खुर्ची दिली होती. २०२० सालीं, तिच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनीं, तिला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

त्याच देशांत १९६७ सालीं मोठे दंगे झाले. त्यांवर नेमलेल्या कर्नर आयोगानें १९६८ सालीं वृत्तपत्रांनाही जबाबदार धरलें. संपादकीय नोकरींत कृष्णवर्णीय शेंकडा पांचही नाहींत, मग त्यांच्या वस्तींतील दुःख कागदावर येणार कोठून, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. १९७८ सालीं तेथील संपादकांच्या संघानें ठरविलें कीं, २००० सालापर्यंत अल्पसंख्याक वंशांच्या लोकांचें प्रमाण देशाच्या लोकसंख्येइतकें करावयाचें. तें साल उजाडलें, तेव्हां लोकसंख्येंत हे लोक शेंकडा तीसच्या घरांत होते आणि वृत्तपत्रांत शेंकडा बाराच्या आसपास. उद्दिष्ट चुकलें हें खरें. पण ते दरवर्षीं मोजीत होते, म्हणून चुकलें हें कळलें तरी. आमच्या मराठी पत्रांनीं तर मोजण्याचाच विटाळ मानला आहे.

आतां आपल्या घरांत पाहूं. आज जिल्ह्याजिल्ह्यांत बहुजनांच्या मालकीचीं पत्रें आहेत, छापखाने आहेत, वाहिन्या आहेत. चांगलें झालें. पण मालक बदलला म्हणजे ओसरीवरचा मनुष्य आपोआप आंत येतो काय? जुन्या खुर्चीवर नवा पाटील बसला, आणि मातंग, पारधी, गोंड, मुसलमान व बाई पूर्वींच्याच जागीं उभीं राहिलीं, तर आम्ही काय मिळविलें? आपलाच मनुष्य ठेकेदार आहे, आपलाच मनुष्य कारखान्याचा अध्यक्ष आहे, म्हणून बातमी दाबावयाची, ही रीत भटांनीं केली तर पाप आणि आम्ही केली तर व्यवहार, असें म्हणतां येणार नाहीं. भीति आपल्या घरांतही असते. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकाचे पहिले दोन भाग छापल्यावर पुढले छापण्यास खुद्द 'दीनबंधु'नें हात आंखडता घेतला होता. लोखंड्यांसारख्या धीट पुरुषाच्या पत्राची ही स्थिति; मग इतरांची काय कथा! म्हणून धीर हा एका माणसाच्या छातीवर सोंपवून चालत नाहीं. त्याला व्यवस्थेचा आधार लागतो.

ती व्यवस्था कशी असावी, ह्याविषयीं आमच्या चार सूचना आहेत. सभेनें त्यांवर ठराव करावा.

पहिली. जो मनुष्य महिन्याला ठराविक बातम्या पाठवितो, त्याला नेमणुकीचें पत्र, चालू मुदतीचें ओळखपत्र व ठरलेलें मानधन लेखी मिळावें. बातमी आणणाऱ्याकडे जाहिरातीचें काम देऊं नये. दोन्ही कामें एकाच्या गळ्यांत बांधणें म्हणजे राखणदाराला चोराच्या घरीं जेवावयास पाठविणें होय.

दुसरी. प्रत्येक पत्रानें वर्षांतून एकदां आपल्या कचेरींत कोण बसतो याचा हिशेब छापावा: स्त्रिया किती, दलित-आदिवासी किती, भटके-विमुक्त किती, मुसलमान किती, आणि मुख्य म्हणजे निर्णयाच्या टेबलापाशीं किती. दुसऱ्याच्या संस्थेचा ताळेबंद छापणाऱ्यांनीं स्वतःचा छापावयास लाजूं नये.

तिसरी. धमकी आली कीं ती लपवूं नये. कोणत्या दिवशीं, कोणत्या फोनवरून, काय शब्दांत आली तें लिहून ठेवावें, पोलिसांत द्यावें, आणि संपादकानें ती आपल्या सहीनें छापावी. जोखमीची बातमी वार्ताहराच्या एकट्याच्या नांवानें जाऊं नये. ती पत्राच्या नांवानें जावी.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. एका वार्ताहराची बातमी दाबण्यासाठीं त्याच्यावर हात पडला, तर जिल्ह्यांतील सर्व पत्रांनीं तीच बातमी पहिल्या पानावर घ्यावी. १९७६ सालीं अमेरिकेंत फिनिक्स येथें डॉन बोल्स ह्या वार्ताहराच्या मोटारींत बॉम्ब ठेवून त्याला मारलें. तेव्हां निरनिराळ्या पत्रांचे ३८ पत्रकार त्या गांवीं गेले, एकमेकांची स्पर्धा बाजूस ठेवून त्यांनीं त्याचें राहिलेलें काम पुढें नेलें, आणि १९७७ सालीं त्याची लेखमाला छापली. मारणाऱ्यास त्यांनीं एकच गोष्ट शिकविली: मनुष्य मारलास तर बातमी अडतीसपट होते. आपल्या जिल्ह्यांत अडतीस नकोत, सात पत्रें एक झालीं तरी वाळूवाल्याचा हात उचलण्यापूर्वीं थबकेल.

राहतां राहिला वाचक. वाचकहो, पांच रुपयांच्या अंकाला तुम्ही महाग म्हणतां आणि फुकटच्या मोबाइलवर जें येईल तें खरें मानतां. अंकाचा खर्च वाचकानें उचलला नाहीं तर तो ठेकेदार उचलतो. आणि ज्यानें खर्च उचलला त्याचीच बातमी छापली जाते. तुमच्या गांवच्या वार्ताहरानें तुमच्या पाण्याच्या टाकीची, रेशनच्या धान्याची बातमी दिली आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या घरावर माणसें चालून आलीं, तर तुम्ही दाराला कडी लावून घ्यावयाची कीं त्याच्या ओट्यावर जाऊन बसावयाचें, हें तुमचें तुम्हीं ठरवावयाचें आहे. पन्नास माणसें नुसतीं ओट्यावर येऊन बसलीं, तरी पुष्कळ काम होतें.

ह्या सभेस जमलेल्या संपादकांपैकीं किती जण घरीं जाऊन आपल्या वार्ताहरांस नेमणुकीचें पत्र लिहितात, ह्यावरून आजच्या भाषणांची किंमत ठरेल. कागद आहे, शाई आहे, शिक्का आहे. आज रात्रींच लिहा.